विश्वासू कारकुनाची चोरी

चित्रपटकलेला शंभर वर्षे पूर्ण झाली तेव्हा, म्हणजे १९९५ साली, व्हॅटिकनने ४५ महत्त्वाच्या चित्रपटांची एक यादी प्रसिद्ध केली. धर्म, मूल्ये आणि कला असे तिचे तीन भाग असून प्रत्येक भागात १५ चित्रपट आहेत. धर्मपीठाच्या यादीत संतचरित्रे असावीत, महात्मा गांधींवरील ॲटनबरो यांचा चित्रपट असावा, यात नवल नाही. नवल वाटते ते कलेच्या भागात ‘सिटिझन केन’ आणि ‘मॉडर्न टाइम्स’ यांच्या पंगतीला बसलेल्या एका हलक्याफुलक्या इंग्रजी विनोदपटाचे. त्याचे नाव ‘द लॅव्हेंडर हिल मॉब’. त्यात एक बँक कारकून स्वतःच्या ताब्यातील दहा लाख पौंडांचे सोने चोरतो आणि प्रेक्षक मनातून शेवटपर्यंत त्याच्याच बाजूने राहतो.

चोरीची कथा आणि धर्मपीठाची पसंती यांचा मेळ कसा घालावा? यादी करणाऱ्यांनी हा चित्रपट ‘मूल्ये’ या भागात न घालता ‘कला’ या भागात घातला, एवढे सांगून हा प्रश्न मिटत नाही. चोराला हसून दाद देणाऱ्या प्रेक्षकाच्या मनात त्या वेळी काय चाललेले असते, हा खरा प्रश्न आहे. ज्या घरांत रोख रक्कम, सोने आणि माल रोज नोकरमाणसांच्या हातून फिरतो, त्या घरांना तर तो अगदी जवळचा वाटावा.

लंडनच्या पश्चिमेकडील ईलिंग येथील स्टुडिओत, मायकेल बाल्कन यांच्या निर्मितीखाली तयार झालेला हा चित्रपट जून १९५१ मध्ये प्रदर्शित झाला. दिग्दर्शन चार्ल्स क्रायटन यांचे आणि कथा-पटकथा टी. ई. बी. क्लार्क यांची. नायक हेन्री हॉलंडची भूमिका ॲलेक गिनेस यांनी केली आहे. सोने शुद्ध करणाऱ्या कारखान्यातून सोन्याच्या विटा मोजून घ्यायच्या आणि बंदोबस्तात मोटारीतून बँकेत पोहोचवायच्या, हे हॉलंडचे काम. जवळजवळ वीस वर्षे तो ते बिनचूक करीत आला आहे. मागून एखादी मोटार जरा जास्त वेळ येताना दिसली, तरी तो अस्वस्थ होतो. बरोबरचे लोक त्याच्या या संशयी स्वभावाला हसतात. वरिष्ठांच्या लेखी तो अत्यंत प्रामाणिक, पण कल्पनाशक्तीचा पूर्ण अभाव असलेला गृहस्थ आहे. त्याची ही कीर्तीच त्याचे भांडवल आहे आणि ते त्याने वर्षानुवर्षे जाणीवपूर्वक साठविले आहे, हे फक्त प्रेक्षकाला ठाऊक असते.

त्याचा पगार आठवड्याला ८ पौंड १५ शिलिंग, आणि त्यातूनही कपात. हिशेब केला तर वर्षाला ४५५ पौंड होतात. तो ज्या दहा लाख पौंडांना हात लावतो, ती रक्कम या पगारातून एक पैही खर्च न करता जमवायची म्हटली तर सुमारे २,२०० वर्षे लागतील. त्या काळी सोन्याचा अधिकृत भाव औंसाला ३५ डॉलर आणि पौंडाचा दर २.८० डॉलर होता. म्हणजे एका औंसाला साडेबारा पौंड. दहा लाख पौंडांचे सोने ८०,००० ट्रॉय औंस, वजनाने सुमारे अडीच टन, आणि चारशे औंसांची एक वीट धरली तर दोनशे विटा. एवढे सोने एका साध्या मोटारीत भरून एक चष्मेवाला कारकून लंडनच्या गर्दीतून नेतो, ही कल्पनाच विनोदाची आणि त्याचबरोबर धास्तीचीही आहे.

सोने पळविणे हॉलंडला अवघड वाटत नाही. अवघड आहे ते विकणे. युद्धोत्तर इंग्लंडमध्ये सोन्याच्या व्यवहारावर कडक निर्बंध होते. चोरीच्या विटा देशात खपविणे शक्य नाही आणि त्या देशाबाहेर न्याव्या कशा, हे कोडे त्याला वीस वर्षे सुटलेले नाही. ते सुटते ते लॅव्हेंडर हिल या वस्तीतील त्याच्या साध्या निवासगृहात. तेथे पेंडलबरी नावाचा नवा भाडेकरू येतो. ही भूमिका स्टॅन्ली हॉलोवे यांची. पेंडलबरी हौशी शिल्पकार आहे, पण पोटासाठी प्रवाशांना विकायच्या आठवणवस्तू ओततो. त्यात पॅरिसच्या आयफेल मनोऱ्याची छोटी कागददाबणी आहेत. शिसे वितळवायचे, साच्यात ओतायचे, सोनेरी करायचे आणि पेट्या भरून पॅरिसला पाठवायच्या, असा त्याचा धंदा. मुशीतल्या रसाकडे पाहताना हॉलंडच्या डोळ्यांत जी चमक येते, तिला गिनेस यांनी एका शब्दाचाही आधार घेतलेला नाही. शिशाच्या जागी सोने ओतले, तर जकातीचा अधिकारी सोनेरी रंगाच्या मनोऱ्याला शिसेच समजणार.

दोघेही सज्जन असल्यामुळे त्यांना सराईत चोरांची गरज भासते आणि चोर कोठे भेटतात हे त्यांना माहीत नसते. मग गर्दीच्या ठिकाणी उभे राहून ते मोठ्याने बोलतात की, कारखान्याची तिजोरी नादुरुस्त आहे आणि पगाराची रोकड आत आहे. रात्री दोन चोर आपोआप येतात आणि भागीदार होतात. ठरल्याप्रमाणे मोटार पळविली जाते. डोळे बांधलेला हॉलंड धडपडत थेम्स नदीत पडतो आणि बाहेर काढल्यावर वर्तमानपत्रांच्या दृष्टीने बँकेसाठी प्राण पणाला लावणारा वीर ठरतो. पुढे माल पॅरिसला जातो तेव्हा दोन्ही सराईत चोर बरोबर जात नाहीत. एकाची बायको त्याला सोडत नाही, दुसऱ्याला क्रिकेटचा कसोटी सामना चुकवायचा नाही. आपला वाटा हे दोन सद्‌गृहस्थ आणून देतील, याबद्दल त्यांच्या मनात शंकाही येत नाही. ज्या विश्वासाच्या बळावर बँक लुटली गेली, त्याच विश्वासावर चोरही विसंबतात. विनोद म्हणून हा प्रसंग सहज निसटून जातो, परंतु संपूर्ण कथेची गुरुकिल्ली त्यात आहे.

पॅरिसमध्ये मात्र एका अक्षराने घात होतो. ‘आर’ अशी खूण असलेल्या पेट्या उघडू नयेत, अशी सूचना मनोऱ्यावरच्या दुकानात दिलेली असते. इंग्रजी आणि फ्रेंच उच्चारांतील फरकामुळे विक्रेती नेमकी तीच पेटी उघडते आणि सहा मनोरे इंग्लंडहून सहलीला आलेल्या शाळकरी मुलींना विकून टाकते. उद्वाहकातून खाली निघालेल्या मुलींना गाठण्यासाठी हॉलंड आणि पेंडलबरी आयफेल मनोऱ्याच्या गोल जिन्यावरून धावत सुटतात. फिरून फिरून दोघांनाही भोवळ येते आणि त्या भोवळीतच अनावर हसू फुटते. हे दृश्य पाहताना चित्रपटगृहेच्या चित्रपटगृहे हसत असत, आणि आजही हसतात.

सराफी करणाऱ्या वाचकाला येथे एक शंका येईल. शिशाची घनता ११.३ आणि सोन्याची १९.३. त्याच साच्यातून निघालेला सोन्याचा मनोरा शिशाच्या मनोऱ्यापेक्षा सुमारे पावणेदोन पट जड भरणार. विक्रेतीने हातात घेताच तिला फरक जाणवायला हवा होता. चित्रपट या बाबतीत सोयीस्कर मौन पाळतो आणि प्रेक्षकही त्याला माफ करतो. पण त्यातून एक गोष्ट नकळत सांगितली जाते. नेहमीच्या हातातून नेहमीची वस्तू आली की तिचे वजन करण्याची कोणालाच आठवण राहत नाही.

मुलींचा पाठलाग लंडनपर्यंत जातो. सहापैकी पाच मनोरे परत मिळतात. सहावा एका मुलीने आपल्या ओळखीच्या पोलिसाला भेट दिलेला असतो आणि तो पोलिसांच्याच प्रदर्शनात जाऊन पोहोचतो. शेवटी पेंडलबरी पकडला जातो, हॉलंड सहा मनोरे घेऊन दक्षिण अमेरिकेत रिओला पळतो आणि वर्षभर श्रीमंतीत राहतो. ही सारी हकीकत तो रिओच्या एका हॉटेलात समोर बसलेल्या सभ्य इंग्रज पाहुण्याला सांगत असतो. ती संपते, दोघे उठतात आणि तेव्हा दिसते की त्यांचे हात एकाच बेडीत अडकलेले आहेत. पाहुणा पोलीस अधिकारी असतो.

या कथेच्या जन्माची हकीकतही गमतीदार आहे. क्लार्क यांनी युद्धकाळात लंडनमध्ये राखीव पोलीस शिपाई म्हणून काम केले होते. स्टुडिओने त्यांच्याकडे बंदराच्या परिसरातील गुन्हेगारीवर एक गंभीर चित्रपट लिहिण्याचे काम सोपविले होते. तो लिहिता लिहिता सोन्याच्या चोरीची ही विनोदी कल्पना त्यांना सुचली. चोरी प्रत्यक्षात कशी होऊ शकेल, हे विचारण्यासाठी ते थेट बँक ऑफ इंग्लंडमध्ये गेले. क्लार्क यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे, तेथील अधिकाऱ्यांनी त्यांना हाकलून न देता एकत्र बसून योजनेतील त्रुटी दाखविल्या आणि सोने कसे पळविता येईल याचा आराखडा तयार करून दिला. बँकेत काम केलेल्या कोणालाही यात अशक्य काही वाटणार नाही. तिजोरी सांभाळणाऱ्या माणसाच्या मनात ती कशी फुटेल हा विचार रोज येत असतो. तो यावा अशीच त्याच्याकडून अपेक्षा असते. कर्तव्यदक्षता आणि मोह यांच्यामधली भिंत किती पातळ असते, हे त्या अधिकाऱ्यांना कळत असावे.

समीक्षकांनी चित्रपटाचे मनापासून स्वागत केले. ब्रिटिश अकादमीने १९५१ चा सर्वोत्तम ब्रिटिश चित्रपट म्हणून त्याची निवड केली. अमेरिकेत क्लार्क यांना कथा-पटकथेचे ऑस्कर मिळाले आणि गिनेस यांना सर्वोत्तम अभिनेत्याचे नामांकन. विशेष कौतुक झाले ते गिनेस यांच्या संयमाचे. ‘र’चा उच्चार किंचित अडखळणारा, हसू ओठांच्या कोपऱ्यात दडलेले, आवाज कधी चढत नाही, असा हा चोर आहे. १९९९ मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने शतकातील १०० ब्रिटिश चित्रपटांची क्रमवारी लावली, तेव्हा त्यात या चित्रपटाला १७ वे स्थान मिळाले. दिग्दर्शक क्रायटन यांनी वयाची पंचाहत्तरी ओलांडल्यावर चोरीचाच आणखी एक विनोदपट केला. तो म्हणजे १९८८ चा ‘अ फिश कॉल्ड वाँडा’. त्यासाठी त्यांना दिग्दर्शनाचे ऑस्कर नामांकन मिळाले.

सामान्य प्रेक्षकाची दाद मात्र वेगळ्या कारणाने होती. युद्ध संपून सहा वर्षे झाली होती, तरी इंग्लंडमध्ये मांस, साखर आणि मिठाई रेशनवर होती. रेशनिंग पूर्णपणे उठायला १९५४ उजाडले. युद्धात जिंकलेला देश रांगेत उभा होता आणि रांगेतला प्रत्येक माणूस नियम पाळीत होता. वेळेवर कामावर जाणारा, पावती जपून ठेवणारा, साहेबापुढे टोपी काढणारा हा माणूस पडद्यावर हॉलंडला पाहत होता. हॉलंडने जे केले ते करण्याचे धाडस आणि इच्छा त्याच्यात नव्हती. पण वर्षानुवर्षे आपली कोणी दखल घेतली नाही, ही सल त्याला नेमकी कळत होती. लोकांनी टाळ्या दिल्या त्या चोरीला नव्हेत. जो माणूस कोणाच्या खिजगणतीत नव्हता, त्याने एकदा सर्वांना चकविले याला त्या दिल्या.

आक्षेप घेणारेही होते आणि त्यांचे म्हणणे हलक्यावर घेण्यासारखे नाही. अमेरिकेत त्या काळी चित्रपटांसाठी जी आचारसंहिता होती, तिचा पहिलाच दंडक असा की, प्रेक्षकाची सहानुभूती गुन्ह्याच्या बाजूला जाता कामा नये. हा दंडक अक्षरशः लावला असता तर ‘लॅव्हेंडर हिल मॉब’ दाखविताच आला नसता. शेवटच्या बेडीने त्याला वाचविले. म्हणूनच कित्येकांना ही बेडी म्हणजे नियमाला दिलेला नाइलाजाचा नजराणा वाटते. ऐंशी मिनिटे चोराचे कौतुक करायचे आणि शेवटच्या मिनिटाला नीतीची पावती फाडायची, हा ढोंगीपणा नव्हे काय, असा त्यांचा सवाल आहे.

चित्रपट दुसऱ्यांदा पाहणाऱ्याला मात्र वेगळे उत्तर सापडते. बेडी शेवटी दिसते, पण ती पहिल्या दृश्यापासून हातात असते. हॉलंड आपली कहाणी सांगतो तो पकडला गेल्यानंतर. रिओच्या हॉटेलात तो उदारपणे पैसे वाटताना दिसतो. त्यांतील काही पैसे ओझरत्या दिसणाऱ्या एका तरुणीला मिळतात आणि ती तरुणी म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेली ऑड्री हेपबर्न. हे सारे एका कैद्याचे शेवटचे वैभव असते. त्याच्या चेहऱ्यावर पश्चात्ताप नाही, पण तक्रारही नाही. घेतले त्याची किंमत द्यावी लागते, हे एका हिशेबनिसाला वेगळे शिकवावे लागत नाही. या शांत स्वीकारामुळे प्रेक्षकाच्या हसण्याला चोरीच्या अनुमोदनाचे रूप येत नाही.

नंतरच्या काळातील काही अभ्यासकांनी दुसऱ्या बाजूने टीका केली. त्यांच्या मते ईलिंगच्या या विनोदपटांतील बंड फारच सौम्य असते. व्यवस्थेला चिमटा काढायचा आणि तिच्याच कुशीत परतायचे, असे त्यांचे स्वरूप. या टीकेत तथ्य आहे. त्याहूनही मोठी उणीव अशी की, चित्रपटात नुकसान कोणाचे झाले हे कधी दिसतच नाही. बँक ही जणू चेहरा नसलेली इमारत आहे आणि सोने जणू कोणाचेच नाही. प्रत्यक्षात बँकेतील प्रत्येक विटेमागे कोणाची तरी ठेव, कोणाचा तरी विमा, कोणाची तरी नोकरी असते. मोटारीच्या चालकाची आणि पहारेकऱ्याची चौकशी झाली असेल, हॉलंडच्या साहेबाचे निवृत्तिवेतन धोक्यात आले असेल. विनोदाला हलके राहायचे असते म्हणून तो ही पाने उलटत नाही. वाचकाने मात्र ती उलटून पाहावीत.

वास्तवाने ती एकदा उलटून दाखविली. २६ नोव्हेंबर १९८३ रोजी लंडनच्या हीथ्रो विमानतळाजवळील ब्रिंक्स-मॅट कंपनीच्या गोदामावर दरोडा पडला. रोख रक्कम मिळेल या अपेक्षेने आलेल्या दरोडेखोरांना सुमारे तीन टन सोने सापडले. त्याची किंमत २ कोटी ६० लाख पौंड होती. येथेही आतला माणूस होता. गोदामातीलच एका पहारेकऱ्याने दरोडेखोरांना वाट करून दिली. येथेही सोने ओळखू येऊ नये म्हणून वितळविण्यात आले आणि तांबे मिसळून पुन्हा बाजारात खपविण्यात आले. योजना चित्रपटाशी इतकी जुळणारी असूनही या कथेत हसण्यासारखे काही नाही. पहारेकऱ्यांच्या अंगावर पेट्रोल ओतून त्यांना जाळण्याची धमकी देण्यात आली. तपासाच्या काळात पाळतीवर असलेल्या एका पोलीस अधिकाऱ्याचा भोसकून मृत्यू झाला. बहुतेक सोने कधीच परत मिळाले नाही. पडद्यावरची चोरी आणि गोदामातली चोरी यांत फरक आहे तो याचा. पडद्यावर सोने जाते, प्रत्यक्षात माणसे जातात.

तेव्हा चित्रपटातून घ्यायचे काय? उत्तर एका छोट्या प्रसंगात आहे. हॉलंडला त्याचे वरिष्ठ बोलावून घेतात. थोड्या पगारवाढीसह त्याची दुसऱ्या विभागात बदली केल्याचे सांगतात. इतकी वर्षे एकाच जागी राहण्यात समाधान मानणाऱ्या या माणसाला महत्त्वाकांक्षा कशी नाही, याचे त्यांना वाईट वाटते आणि संधी आली की ती दोन्ही हातांनी धरावी, असा वडीलकीचा सल्ला ते देतात. हॉलंड नम्रपणे म्हणतो की तो या सल्ल्याप्रमाणे वागेल. प्रेक्षागृहात हास्याचा स्फोट होतो. पण साहेबाच्या जागी बसून पाहिले तर हा प्रसंग अस्वस्थ करणारा आहे. साहेब वाईट नाही, कृपण नाही, कठोर नाही. त्याने वीस वर्षे या माणसाच्या हाती देशाचे सोने दिले आणि वीस वर्षांत एकदाही त्याच्याकडे नीट पाहिले नाही.

विश्वास ठेवणे आणि माणसाकडे पाहणे सोडून देणे, या दोन गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात. बँकांनी त्यांतील फरक मोठी किंमत मोजून शिकला. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन वेगळ्या अधिकाऱ्यांकडे असतात आणि दोघे हजर असल्याशिवाय ती उघडत नाही. नोंद करणारा एक आणि ती तपासणारा दुसरा असतो. ठरावीक काळाने जागा बदलल्या जातात. महत्त्वाच्या जागेवरील कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा, पूर्वसूचना न देता, सलग किमान दहा कामकाजाचे दिवस सक्तीने रजेवर पाठवावे, असे भारतीय रिझर्व्ह बँकेने जुलै २०२१ मध्ये बँकांना बजावले. त्या दहा दिवसांत त्याच्या मेजावर दुसरा कोणी बसतो आणि काही वावगे असेल तर ते आपोआप वर येते. नव्याने लागलेल्या माणसाला हे अपमानास्पद वाटते. अनुभवी माणसाला ठाऊक असते की हा नियम त्याच्या बचावासाठीच आहे. पुढे कधी तूट निघाली तर बोट त्याच्याकडे जाऊ नये, ही सोय त्यात असते. शिवाय मोहाच्या क्षणी हात मागे घ्यायला माणसाला बाहेरचा एखादा अडसर लागतो. हॉलंडच्या बँकेत असा अडसर असता, तर तो कदाचित सन्मानाने निवृत्त झाला असता.

पेढीवर आणि दुकानात हे नियम जसेच्या तसे लागू होत नाहीत. तेथे दिवाणजी घरचाच माणूस असतो. मालकाच्या वडिलांच्या काळापासून तो गादीवर बसलेला असतो, लग्नकार्यात पंगतीला असतो, मुले त्याला काका म्हणतात. त्याच्याकडून रोजमेळ मागणे मालकाला जड जाते, आणि म्हणूनच कित्येक वर्षे तो मागितला जात नाही. काही वेळा त्यातून घडू नये ते घडते. मग घरात एकच वाक्य ऐकू येते की, ज्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला त्यानेच घात केला. त्या वाक्यातला दोष ‘विश्वास’ या शब्दात नाही, ‘डोळे मिटून’ या शब्दांत आहे. डोळे मिटले म्हणजे गल्ल्यातली तूट दिसत नाही हे खरेच. पण त्याआधी कितीतरी दिवस आणखी काही दिसलेले नसते. दिवाणजीच्या मुलीचे लग्न ठरले आहे, त्याच्या घरी मोठे आजारपण आहे, दहा वर्षांत त्याचा पगार धान्याच्या भावाइतकाही वाढलेला नाही. महिन्यातून एकदा हिशेब घेऊन त्याच्याजवळ बसणारा मालक वही तपासतो आणि माणसाची विचारपूसही करतो. तपासणी आणि आपुलकी एकाच बैठकीत होऊ शकतात. जुन्या पेढ्यांवर त्या तशाच होत असत.

२०११ मध्ये, चित्रपटाला साठ वर्षे झाली तेव्हा, नव्याने उजळलेली त्याची प्रत इंग्लंडमध्ये पुन्हा पडद्यावर आली. रेशनच्या रांगा विसरलेली पिढी आयफेलच्या जिन्यावर तितक्याच मोकळेपणाने हसली. चोराला हसून घेतल्याने प्रेक्षक चोर होत नाही, ही एवढ्या वर्षांची साक्ष आहे. चित्रपट संपल्यावर घरी परतताना मात्र हॉलंडपेक्षा त्याच्या साहेबाचा विचार करावा. तो शहाणा होता, सभ्य होता आणि आपल्या कारकुनाला पुरता ओळखतो, अशी त्याची खात्री होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पेढी उघडताना गल्ल्याच्या किल्लीबरोबर तिला सांभाळणाऱ्या माणसाकडेही क्षणभर पाहिले, तर तिकिटाचे पैसे वसूल झाले म्हणावयाचे.